चरबीला जागा मागणाऱ्या बाई

"जागा दो उसको! नहीं तो मार डालेगी!"

नव्या वर्गावर पहिल्याच तासाला बाई असं ओरडायच्या आणि डस्टर टेबलावर आपटायच्या. खडूची धूळ उडायची, पुढच्या बाकावरच्या मुली दचकायच्या. कोण मारते, कोणाला मारते, कोणालाच कळायचं नाही. मागून एखादा धीट पोरगा विचारायचा, "कौन मार डालेगी, मैडम?"

"चरबी! और कौन?"

रायपुरातल्या एका सरकारी कॉलेजात मी प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळत असे. काचसामान, रसायनं, सूक्ष्मदर्शकं, सगळं माझ्या ताब्यात. बाई तिथे शिकवायला आल्या तेव्हा राज्य तसं नवंच होतं, मंत्रालय नुकतंच नव्या रायपुरात हललं होतं आणि आमच्या कॉलेजात अर्ध्या जागा रिकाम्या होत्या. बाई वर्ध्याकडच्या. चाळिशीच्या, उंच, रुंद खांद्यांच्या. चालताना त्या जमिनीला काही तरी शिक्षा करत आहेत असं वाटायचं.

पेशी चरबी कशी साठवते, हा त्यांचा लाडका धडा. त्यासाठी त्या माझ्याकडे मोहरीचं तेल, जाड प्लास्टिक आणि सगळ्यात मोठी सिरिंज मागायच्या. मागणीपत्रात तेल पाहून प्राचार्यांनी मला विचारलं होतं, "प्रयोगशाळा में पकौड़ी बन रही है क्या?"

प्रयोग असा. प्लास्टिकचे दोन कागद एकावर एक, कडा चिकटवलेल्या. पेशीच्या आत पडद्यांचं जाळं असतं आणि त्यातला प्रत्येक पडदा असाच दोन पदरी असतो. चरबी तयार होते ती या दोन पदरांच्या मध्ये. बाई सुई खुपसून तेल आत ढकलायच्या. आधी मसुराच्या दाण्यासारखा चपटा फुगवटा यायचा. आणखी तेल गेलं की तो एका बाजूने वर यायचा, गोल व्हायचा. त्याच्या मानेशी बाई दोरा आवळायच्या. "हा दोरा म्हणजे एक प्रोटीन. तेच ठरवते का थेंब केवढा होईन आन् कसा भाईर पडीन." मग तो थेंब वरचा एक पदर अंगावर घेऊन वेगळा व्हायचा. ही पेशीची कोठी. लागेल तेव्हा काढायचं, तोवर सुरक्षित.

मग दुसरं प्लास्टिक. "अब समझो धागा नहीं है." बाई दात खाऊन तेल दाबत राहायच्या. फुगवटा वेडावाकडा वाढायचा, शेवटी फाट् असा आवाज व्हायचा आणि तेल पुढच्या दोन बाकांवर. "ये गया लिवर में! ये गया खून में! कोठी नाही, तर घरभर!" दुसऱ्या वर्षाची मुलं या तासाला वर्तमानपत्रं पांघरून बसायची. फरशी मी पुसून घ्यायची.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचा हात तोंडाच्या आधी चालतो. एकदा नव्या रायपुरात कसलंसं चर्चासत्र होतं. परत येताना त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावरून आमची बस पळत होती. कडेला एक झाडूवाली हात करत उभी होती. ड्रायव्हरने बस थांबवली नाही. बाई उठल्या, पुढे गेल्या आणि आपली स्टीलची बाटली अशा जोराने दांडीवर हाणू लागल्या की ड्रायव्हरने घाबरून करकचून ब्रेक मारला. "उलटी ले," बाई म्हणाल्या. त्याने खरंच बस मागे घेतली. ती झाडूवाली चढली आणि बाईंपासून सगळ्यात लांबच्या सीटवर जाऊन बसली.

मी एकदा विचारलं, "मॅडम, इतका राग येते कुठून?"

"माह्या बापाचा हात चालायचा वो ताई. मायवर, माह्यावर. तोच हात मले आला. मी फक्त पाहून घेते, कोणावर चालवाचा."

राहायला त्या आमच्याच गल्लीत होत्या, गुढियारीत. मालधक्क्याच्या आवाजात, धान्याच्या ट्रकांच्या धुळीत. माझे यजमान रेल्वेत, म्हणून आम्ही तिथे. बाईंना मीच खोली पाहून दिली. महिन्याभरात त्यांचं नळावर दोघींशी, दूधवाल्याशी आणि एका बैलाशी भांडण झालं.

भांडण झालं नाही ते फक्त बिसाहीन काकीशी. ही समोरच्या खोलीतली छत्तीसगढी विधवा. स्टेशनच्या रस्त्याला टोपलीत मुर्रा-चना, म्हणजे चुरमुरे आणि उकडलेले हरभरे, घेऊन बसायची. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी उरलेला चना ती शेजारच्या चंदाला द्यायची. "खा ले नोनी, खा ले."

चंदा रामाधार हमालाची मुलगी, दहाएक वर्षांची. ती दिवसभर खायची. घरी खायची, शाळेत खायची, काकीकडे खायची, आमच्या घरी पोळी मागायची. आणि तरी गाल आत गेलेले, हातापायांवर शिरा उठलेल्या, दंड तिच्या बापासारखे पिळदार. पोट मात्र पुढे आलेलं. सगळी गल्ली तिच्या आईला टोमणे मारायची, पोरीला जेवायला देत नाही म्हणून. सासूने तर यावरून त्या आईला चिमट्याने मारलं होतं. त्याचा डाग मी पाहिला होता.

एका सकाळी नळावर बाईंनी चंदाचं मनगट धरलं. चिमटीत कातडी उचलून पाहिली. दंडावर, गालावर, पोटरीवर. पोरगी रडायला लागली. बाई माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"ताई, या पोट्टीच्या अंगात कोठीच नाही. काहीच नाही. दोराच नाही."

त्या दिवशी आम्ही चंदाला आणि तिच्या आईला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होता. त्याने बाईंचं म्हणणं ऐकून घेतलं, कारण न ऐकण्याची सोय नव्हती. रक्त काढलं. एक नळी बाईंनी मागून घेतली आणि आमच्या प्रयोगशाळेत स्टँडला लावून ठेवली.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं तर नळीत खाली लाल साका बसलेला आणि वर दूध. मी अतिशयोक्ती करत नाही. सायीसकट दूध असावं तसं पांढरं, दाट.

बाईंनी टेबलावर बुक्की मारली. "पाह्यलं का? हे चरबी आहे. ठेवाले जागा नाही म्हणून रक्तात पोहून राहिली, लिवरात घुसून राहिली. आन् लोक मायले मारून राहिले का खायले देत नाही म्हणून! अवो, जेवढं तेल-तूप घालसान तेवढी पोट्टी मरन!"

डॉक्टरचंही तेच मत पडलं. आजार जन्माचा, दुर्मीळ. बरा होत नाही, पण तेल-तूप तोडलं, साखर आवरली तर पोरगी जगेल, वाढेल. बाईंनी चंदाच्या आईला ते समजावलं. आईने मान हलवली आणि घरी जाऊन सासूला विचारलं. सासूने बैगाला विचारलं.

बैगा म्हणजे झाडफूक करणारा. तो म्हणाला, पोरीला कोणी तरी आतून पितं आहे. रोज हाताने खाऊ घालणारी कोण, ते बघा.

पुढचं सांगायला लागत नाही. हरेली आली होती. गावाकडून आलेली आमची गल्ली हा सण पाळायची. त्या अमावास्येला दाराला कडुनिंबाची डहाळी लावतात, चौकटीत लोखंडी खिळा ठोकतात, बाहेरची बला आत येऊ नये म्हणून. त्या सकाळी काकीच्या दाराला डहाळी नव्हती. खिळे मात्र होते, चौकटीला बाहेरच्या बाजूने, ओळीने. आतली बला बाहेर येऊ नये म्हणून.

काकी हसत होती. "देख तो मैडम, मोर घर ला कतका मजबूत कर दिन."

बाई हसल्या नाहीत. माझ्या घरून पक्कड नेऊन त्यांनी एकेक खिळा उपटला आणि रामाधारच्या अंगणात फेकला. मग माझ्याकडे आल्या. "प्रयोगशाळेची चावी द्या. नळी आणते. सगळ्याईले दाखवते."

नळी फ्रीजमध्ये होती. मी म्हटलं, "मॅडम, डॉक्टरचा कागद दाखवा. डॉक्टरलेच घेऊन या. पण रक्त नका दाखवू."

"कागद कोण वाचते वो? डोळ्यानं पाहू द्या. डोळ्यानं पाह्यल्यावर माणूस मानते."

मी चावी दिली नसती तर त्यांनी कुलूप तोडलं असतं. हे तुम्हालाही एव्हाना कळलं असेल.

दुपारी त्या नळी घेऊन गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या. सणाची सुट्टी, माणसं घरीच. काही पुरुष प्यायलेले. बाईंनी हात उंच केला. "देखो! चंदा का खून है ये! ऊपर देखो, क्या है? ये चरबी है! बीमारी है! किसी ने कुछ नहीं किया है!"

माणसं जवळ आली. नळी उन्हात चमकत होती. पुढचे मान वर करून पाहू लागले, मागचे टाचा उंचावून. मला वाटलं, जमलं.

चंदाची आजी पुढे झाली. तिने डोळे बारीक करून पाहिलं आणि किंचाळली, "रकत ला दूध बना दिस! लइका के रकत ला दूध बना के पीयत हे!"

बाई ओरडत राहिल्या, "चरबी! चरबी है!" त्यांचा आवाज मोठा होता, पण त्या दिवशी तो कोणाच्या कानात शिरला नाही. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

काकीला केसांना धरून बाहेर ओढलं. टोपली उलटली, चना गल्लीभर. बायकाच पुढे होत्या. ज्या नळावर तिच्या शेजारी उभ्या राहायच्या, त्याच. कोणी चप्पल, कोणी लाटणं, कोणी नुसती नखं. कात्रीने केस कापले, टाळूची कातडी निघेपर्यंत. रामाधारने तिचा हात पाठीमागे पिळला आणि हाड मोडल्याचा आवाज आला. ओली फांदी मोडल्यासारखा. ती ओरडत नव्हती. ती एकेकीचं नाव घेत होती.

बाई त्या घोळक्यात डोकं खाली घालून शिरल्या. हँडपंपाचा सैल झालेला दांडा त्यांनी उपसून घेतला होता. त्यांनी हात आखडला नाही. एकाचं ढोपर फोडलं, एकीचं मनगट. रामाधार मागे कोसळला तेव्हा बाई काकीवर पालथ्या पडल्या, दोन्ही हातांनी तिचं डोकं झाकून. मग सगळा मार त्यांच्यावर. कोणी तरी तोच दांडा उचलला आणि त्यांच्या डाव्या कानावर घातला.

मी पोलिसांना फोन लावला, यजमानांना लावला, रेल्वे कॉलनीतल्या आमच्या माणसांना लावला. मग चौकात जाऊन ऑटो अडवला आणि सरळ गल्लीत, माणसांच्या अंगावर घालायला लावला. ऑटोवाला नाही म्हणत होता. मी त्याच्या कॉलरला धरलं. बाईंच्या संगतीत तेवढं शिकले होते.

ऑटोत बाईंच्या कानातून रक्त गळत होतं. त्यांच्या मांडीवर काकी होती. बाई एकच वाक्य बोलत होत्या, "नळी मी नेली वो ताई. मी नेली."

काकी वाचली. हात वाकडाच जुळला. डोक्यावर काही ठिकाणी पुन्हा केस आले नाहीत. बाईंचा डावा कान कायमचा गेला. हे त्यांनी मला सांगितलं आणि बजावलं, "काकीले नका सांगू. तिले वाटन तिच्यापायी गेला."

दवाखान्यातून सुटल्या त्याच दिवशी बाई सुजलेल्या तोंडाने रामाधारच्या घरात शिरल्या. तो पोलीस कोठडीत होता. आजी कोपऱ्यात सरकली. बाईंनी चुलीजवळचा तेलाचा डबा उचलला, बाहेर आणला आणि नालीत उपडा केला. तुपाची बरणी, डालड्याचं पाकीट, सगळं. चंदाची आई दारात उभी होती.

"आज से इसको बिना तेल का," बाई म्हणाल्या. "भात, दाल, भाजी, उबला हुआ. तेल दिया तो तेरा हाथ तोड़ूँगी. इसकी दादी देगी तो दादी का. समझी?"

"हव," आईने हो म्हटलं. आणि पहिल्यांदाच तिने सासूकडे वळून पाहिलं नाही.

पुढच्या वेळी नळीतला पांढरा थर पातळ होता. त्याच्या पुढच्या वेळी नुसता धुरकट. पोट उतरलं, शाळेत ती पळायला लागली. चंदा जगली, हे मी आधीच सांगून टाकते.

टोनही, म्हणजे चेटकीण, ठरवून कोणाला छळण्याविरुद्ध आपल्याकडे कायदा आहे. बाईंनी खटला चालवायचाच असं ठरवलं. वकील, तारखा, साक्षीदार, सगळं त्यांनी अंगावर घेतलं. गल्लीत कोणी साक्ष देईना. "हमन नइ देखेन," प्रत्येक दार म्हणायचं. बाई म्हणायच्या, "नका देऊ. मी आहे, ताई आहे, आन् जिले मारलं ते आहे." जिला मारलं तिच्यावरच सगळी भिस्त होती.

काकीची साक्ष होती त्या दिवशी बाईंनी तिला नवं पातळ घेतलं. मी माझी साक्ष आधीच देऊन बाकावर बसले होते. काकी पिंजऱ्यात उभी राहिली, वाकडा हात पदराखाली. पलीकडे रामाधार, त्याच्यामागे गल्लीतल्या त्या बायका.

न्यायाधीशांनी विचारलं, हात कोणी मोडला?

काकी खाली पाहत म्हणाली, "मैं गिर गे रहेंव, साहब."

वकिलाने पुन्हा विचारलं. केस कोणी कापले? "मन्नत रिहिस." मॅडमला कोणी मारलं? "भीड़ रिहिस. मैं नइ जानंव."

मी बाईंकडे पाहिलं. आता खुर्ची उडणार असं मला वाटलं. त्या उजवा कान पुढे करून ऐकत होत्या, ऐकण्यात काही चूक होते आहे का ते तपासत. मग उठून बाहेर गेल्या.

कोर्टाच्या आवारात चिंचेखाली काकीने त्यांना गाठलं आणि शिव्या द्या, मारा म्हणून पुढे उभी राहिली. "गारी देबे त दे ले, मैडम. मार घलो ले."

"काहून?" बाई मराठीतच म्हणाल्या. "काहून वो, काकी?"

काकीला मराठी येत नव्हती, पण हे कळलं. "मोला ओही पारा म रहना हे. ओही नल, ओही दुवारी. तैं तो चल देबे."

तिला त्याच गल्लीत राहायचं होतं, बाई तर निघून जाणार होत्या. मग बाईंनी स्कूटी काढली. "बैठ," म्हणाल्या. काकी बिचकत बसली, चांगल्या हाताने बाईंची कंबर धरून. मागून ऑटोने मी.

रामाधार सुटला. काकी आपल्या खोलीत परतली. कोणी तिला हात लावला नाही, कोणी तिच्याशी बोललंही नाही. चंदा संध्याकाळी सवयीने तिच्या दारासमोर जाऊन उभी राहायची. काकी आतून कडी लावून घ्यायची. उकडलेला चना पोरीला चालत होता, तिला हवाही होता. पण काकीने त्या मुलीला पुन्हा कधी हाताने काही दिलं नाही.

आणि बाईंची बदली झाली, अंबिकापूरकडे. कोणी म्हणे त्यांनीच मागितली, कोणी म्हणे काढली. मी विचारलं नाही. सामान थोडंच होतं. मी बांधून दिलं, खोक्यांवर लिहून. छोट्या ट्रकात ते चढवलं आणि बाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. गल्लीच्या दारादारांत माणसं उभी होती, पण खाली कोणी उतरलं नव्हतं.

तेवढ्यात समोरची कडी निघाली. काकी बाहेर आली. भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, डोक्यावर पदर न घेता. ती चालत ट्रकपाशी आली, पायरीवर चढली आणि खिडकीतून बाईंच्या कानाशी तोंड नेऊन बोलू लागली. बाई बसल्या होत्या त्या बाजूची खिडकी डावीकडची होती.

ती पुष्कळ वेळ बोलली. वाकडा हात खिडकीच्या काठावर होता, ओठ कानाला लागत होते. एवढ्या हळू की मी चार हातांवर असून मला काही ऐकू आलं नाही. मधेच ती रडली, मधेच हसली, पुन्हा बोलली. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं होतं.

बाईंनी मान वळवून दुसरा कान दिला नाही. समोर काचेकडे पाहत त्या शेवटपर्यंत तशाच बसून राहिल्या आणि थोड्या थोड्या वेळाने मान हलवत म्हणत राहिल्या, "हव, काकी. हव."